रॉस साहेबांच्या घरची माणसं

आमच्या मंडळात खुर्चीला फार मान होता. वर्षातून एकदा ग्रुप फोटो निघायचा, त्यात पुढच्या रांगेत सात खुर्च्या. त्या सात खुर्च्यांवर कोण बसणार यावरून इंजिनिअर माणसं अशी भांडायची, की जणू सातबाऱ्यावर नाव चढायचं आहे. मागे उभे राहायचे ते फोरमन, ड्राफ्ट्समन, ड्रायव्हर. खाली सतरंजीवर पोरं. एके वर्षी कुणा खजिनदाराच्या बायकोला चुकून मागच्या रांगेत उभं केलं, तर दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं आणि ते तसंच बंद असताना दोन्ही कुटुंबं देशात परतली. हे सगळं बहरीनमध्ये चालायचं हं, जिथे आम्हाला ना घर आपलं, ना नळाचं पाणी आपलं. व्हिसा संपला की खलास, पेट्या बांधा आणि विमानात बसा. तरी खुर्ची पाहिजे. हल्ली फोनवर आमच्या त्या वेळच्या लोकांचा एक ग्रुप आहे. त्यात सारखे तेच फोटो येतात आणि खाली लिहितात, ‘ते सोनेरी दिवस’. मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. कसले डोंबलाचे सोनेरी.

आम्ही अदलियात राहायचो, एका बसक्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत. पप्पा सित्र्याला एका कंपनीत ड्राफ्ट्समन. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची आणि तो हॉर्न वाजायच्या आत पप्पांच्या भांगावर पाणी लावून झालेलं असायचं. लोकांना ते सांगायचे, ‘आम्ही पुण्याचे.’ पुण्याचे! पुण्याला एसटी बदलायला उतरलेला माणूस. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पाटणच्या वरच्या अंगाचे. पण ते नाव तोंडातून काढलं तर कुणी पगार कापेल अशी त्यांना भीती. आईला त्यांनी बजावून ठेवलं होतं, मंडळात गेल्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ याच्या पलीकडे जायचं नाही. कारण आई तोंड उघडायची तेव्हा त्यातून थेट तिचं माहेर बाहेर यायचं. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘कुटं’, ‘लई’. तिच्या माहेरी आठ-दहा जनावरं होती. दुधाच्या पावडरचा डबा उघडताना ती रोज न चुकता म्हणायची, “ही कंची म्हस म्हनायची गं? पत्र्याची?” त्या पावडरच्या दुधाला ती विरजण लावायची, ते नीट लागायचं नाही, आणि ती त्याच्याकडे दारात आलेल्या लबाड पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. पण ताक करायचीच. एसीची घरघर, बाहेर मशिदीची बांग, आणि आमच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या बादलीत रवीचा आवाज, ही आमची सकाळ. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा पप्पा कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूस, तिकडची अरबी रोटी, आणायचे आणि आम्ही तो पिठल्याशी खायचो. ते मात्र झक्कास लागायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मी? मी नववीत, इंग्रजी शाळेत, आणि माझं नाक आभाळाला लागलेलं. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला इंग्रजी बोलता यायचं नाही, कळायचं बऱ्यापैकी, कारण दुकानदार, डॉक्टर, शेजारची फिलिपिनो बाई, सगळ्यांशी तिचं कान देऊन निभावलेलं. पण मी असं धरून चालायची की तिला काही कळत नाही. त्या वयात माणूस किती नालायक असू शकतो याचा दाखला हवा असेल तर मला बोलवा.

आता देवधर काका. हे पप्पांच्याच कंपनीत सीनियर इंजिनिअर आणि मंडळाचे नाटकवाले. कॉलेजात असताना त्यांना कुठल्याशा स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, ते त्यांनी बहरीनपर्यंत सांभाळून आणलं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं. दर गणपतीत नाटक त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, नायक ते आणि नायिका देवधर काकू. काकू नाकानं कांदे सोलायच्या. कुणी ‘पाणी’चा ‘पानी’ केला की त्यांच्या भुवया अशा वर जायच्या, की पुढची दहा मिनिटं खाली येत नसत.

त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकणार आणि कुणाचं नाही, ते ठरवणार रॉस साहेब. हा स्कॉटलंडचा उंच, लालबुंद, थोडासा वाकलेला माणूस. त्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक जुना फोटो होता, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, त्यांच्या आजोळच्या शेतावर काढलेला. झालं! देवधर काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश. साहेबांना गणपतीचे प्रमुख पाहुणे करायचं आणि त्यांच्याच घराण्यावर नाटक बसवायचं. मराठीत! साहेबाला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, ही अडचण कुणाच्याही मनात आली नाही. काकांनी तो फोटो दोन दिवसांसाठी मागून घेतला, स्टुडिओतून मोठा करून आणला, आणि फोटोत कोण कोण आहे हे साहेबांना विचारलं का? छे! विचारलं तर सरप्राइज कसलं, आणि विचारलं तर आपल्याला ठाऊक नाही असं दिसेल. त्यांनी फोटोकडे बघितलं आणि आमच्या मंडळाच्या हिशेबानं सगळं एका मिनिटात लावून टाकलं. खुर्चीत बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, तो जमीनदार. शेजारच्या खुर्चीत लेस लावलेल्या काळ्या झग्यातली बाई, ती मालकीण. मागे घोडा धरून उभा असलेला मळक्या जाकिटाचा माणूस, तो गडी. आणि कडेला गाईजवळ बादली घेऊन उभी असलेली, बाह्या वर सरकवलेली पोरगी, ती मोलकरीण. खुर्चीत बसतो तो मोठा आणि उभा राहतो तो नोकर. स्कॉटलंडात काय, सातासमुद्रापार काय, दुसरं कसं असणार?

फोटो एक रात्र आमच्याकडे होता, कारण पडदे आणि देखावे पप्पांनी करायचे होते. आई हात पुसत आली आणि फोटोवर वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ही मोलकरीन न्हाई. ही घरची लेक हाय.”

“कशावरून?” पप्पा.

“अवं, गाईला दावं कुटं हाय? मोकळी हुबी हाय पोरीच्या खांद्याला नाक लावून. परक्या मानसाजवळ जनावर असं ऱ्हातं व्हय? आन मालक म्हनाल तर ह्यो, घोडा धरलेला. फोटू काढताना मालक आपला घोडा दुसऱ्याच्या हातात देत न्हाई. ही झग्यातली बाई तर पावनी वाटतीया. शेतावरच्या बाईचं बूट इतकं चकचकीत? काय बाई तरी.”

पप्पा हसले. मीही हसले. पप्पा म्हणाले, “आता तू स्कॉटलंडचं शिकव आम्हाला.” आई परत ओट्याकडे वळली. पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला आमच्या घरात चांगलं ठाऊक होतं.

नाटकात मालकीण व्हायला चार बायका तयार होत्या, मोलकरीण व्हायला एकही नाही. इंजिनिअरांच्या बायका बादली उचलणार? तेव्हा देवधर काका पप्पांना म्हणाले, “शेवाळे, तुमच्या मिसेसना विचारा की. मोलकरणीची भाषा मी ग्रामीण लिहिली आहे. वहिनींना सवय आहे.” पप्पांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी भर ऑफिसात त्यांच्या पायजम्याची नाडी ओढली. पण सीनियरला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. आणि आई? आई ते ऐकून लाजली, लाल झाली, आणि तिनं पटकन ‘व्हय’ म्हणून टाकलं. पाच वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी बोल म्हणून सांगितलं होतं. तेही तिच्याच बोलीत. मग ती स्वयंपाक करताना पाठ करायची, धुणं वाळत घालताना पाठ करायची. मी शाळेतून आले की अडलेल्या वाक्यावर बोट ठेवून कागद पुढे करायची, “शैले, हितं काय लिवलंय बघ की.” मी वाचून दाखवायची, कंटाळत. तिचे डोळे असे चमकायचे, की आज मला आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तालमी शुक्रवारी सकाळी देवधरांच्या हॉलमध्ये. काय त्या तालमी! काका दाढी लावून म्हणायचे, “एलिझाबेथ, अगं आज हिमवृष्टी होतेसे वाटते. लापशी तयार आहे ना?” आणि काकू हातातला पंखा मिटून म्हणायच्या, “इश्श, लापशी केव्हाच झाली. आपण आधी प्रार्थना करून घ्यावी.” स्कॉटलंडचे शेतकरी, आणि बोलणं ऐकाल तर सदाशिव पेठेतलं. अंगावर किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचे घागरे, म्हणून चौकड्यांच्या लुंग्या गुडघ्यापर्यंत घातलेल्या, वर लोकरीची शाल, कारण थंडी दाखवायची. आणि बाहेर सप्टेंबरचं बहरीन. नाटकातली माणसं थंडीनं कुडकुडायची आणि घामाच्या धारा हनुवटीवरून खाली. पप्पांनी प्लायवूडवर गाय काढली, अगदी ड्रॉइंग बोर्डावर काढावी तशी, मोजून-मापून, एका बाजूनं. आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “अवं, हिला सड कुटं हाईत?” पप्पांनी कासच काढली नव्हती. असभ्य वाटेल म्हणून! दूध काढायच्या प्रवेशासाठी बिनकासेची गाय. असली माणसं आमची.

दुसऱ्या की तिसऱ्या तालमीला आईची पाळी आली. काकांनी तिला लिहून दिलं होतं, दूध काढता काढता मोठ्यानं बडबडायचं, मग गाय लाथ मारते, ती पडते, लोक हसतात. आई पालथ्या बादलीवर बसली, थांबली, आणि म्हणाली, “दादा, रागवू नगा, पर दूध काढताना इतकं बोलत न्हाईत. गाय पान्हा चोरती.” हॉलमध्ये कुणीतरी खुसकन हसलं. काका म्हणाले, “बरं मग, काय करतात?” “गुनगुनत्यात,” आई म्हणाली, आणि तिनं डोळे अर्धे मिटून, त्या प्लायवूडच्या पोटाला कपाळ टेकवून, रिकाम्या हातांनी धार काढायला सुरुवात केली. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती, शब्द नव्हते त्याला. तिची मनगटं खालीवर होत होती. मी सांगते, त्या हॉलमधला एसी चालू असून मला धारेचा आवाज ऐकू आला. मालकीण पंखा हलवायची विसरली. मिनिटभर असं चाललं, आणि मग काकूंना ते सोसेना. टाळ्या वाजवत त्या म्हणाल्या, “वा वा वहिनी! तुम्हाला तर अभिनयच करावा लागला नाही हो!” आणि हशा. काकांनी पप्पांच्या पाठीवर थाप मारली, “शेवाळे, साहेबांना सांगू, ही अस्सल गवळण यांच्या घरचीच!” माझ्या शाळेतल्या दोन मुली सोफ्यावर बसल्या होत्या. त्या तोंडावर हात धरून हसत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

गाडीत बसल्यावर पप्पा फुटले. आमची जुनी डॅटसन, सीटला हात लावला की चटका. “सोडून दे ते काम. साहेबापुढे माझी बायको मोलकरीण म्हणून? उद्या तो माझं कॉन्ट्रॅक्ट बघताना काय बघेल? ह्याची बायको शेण काढते, एवढंच.”

“मी न्हाई सोडनार,” आई म्हणाली.

पप्पांनी ब्रेक दाबला. तिनं आयुष्यात त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. “काय म्हणालीस?”

“न्हाई सोडनार म्हनले. पाच वरसं मुकी ऱ्हायले मी हितं. हो, नाही, हो, नाही. माज्या तोंडाला बुरशी आली. एकदा हुबी ऱ्हाते तितं, मग परत गप बसीन. तुमचं नाव न्हाई घेनार, कुनाची बायकू ते सांगू नगा.”

पप्पांनी गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली. घरात चार दिवस अबोला. ताट वाढलं जायचं, उचललं जायचं. आई मात्र भाकरी थापताना गुणगुणायची. पाचव्या दिवशी पप्पा माझ्याकडे आले. बायकोला समजावता येईना तर नववीतल्या पोरीला पुढे करणारा हा मर्द. “शैला, तू सांग तिला. तुझं ऐकेल.” असं म्हणताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. पण त्यांच्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. त्यांनी नसतं सांगितलं तरी मी ते बोललेच असते. माझ्या जिभेच्या टोकावर तालमीच्या दिवसापासून होतं ते.

आई ज्वारीची भाकरी थापत होती. ते पीठ माहेरहून सुट्टीत बॅगेत भरून आणलेलं, पुरवून पुरवून वापरायची. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, “आई, तू स्टेजवर तसं बोललीस ना, तर मी शाळेत जाणार नाही. सगळ्या मुली येणार आहेत. आय ॲम अशेम्ड ऑफ यू. लाज वाटते मला तुझी.”

तिचे हात थांबले. “माजी?”

“हो.”

तिनं भाकरी उचलली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. ती पलटली. मग म्हणाली, “बरं.” एवढंच. पप्पांच्या ओरडण्यानं जे झालं नव्हतं ते माझ्या एका वाक्यानं झालं. मला तेव्हा, काय सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं देवधर काकूंना कळवलं की जमायचं न्हाई. पप्पांनी वरून जोडलं, मिसेसना बरं नाही. काका म्हणाले, चला, बरंच झालं, प्रवेश लांबतच होता. मोलकरीण नाटकातून उडाली. नाटकाच्या दिवशीच्या खाण्याचं काम आईनं अंगावर घेतलं, दीडशे माणसांचे बटाटेवडे. तिचं ‘आजारपण’ आणि दीडशे माणसांचा घाणा, दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, यात कुणालाही काही विसंगत वाटलं नाही.

नाटकाच्या शुक्रवारी दुपारी चारला शाळेचा हॉल भरला. रॉस साहेब सूट घालून आले, गळ्यात हार, मांडीवर नारळ, कपाळावर गुलाल, आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसले. पडदा उघडला. लुंग्यांच्या त्या झग्यांकडे बघून त्यांनी शेजारच्या अध्यक्षांना विचारलं, हे राजे लोक आहेत का? अध्यक्ष म्हणाले, येस सर. कारण अध्यक्ष साहेबाला कशालाही येस सरच म्हणायचे. मग दोन तास जमीनदार आणि त्याची बायको एकमेकांशी शुद्ध मराठीत बोलत राहिले. हिमवृष्टी म्हणून वरून कापूस टाकला, तो काकांच्या घामेजलेल्या दाढीला चिकटला. कोपऱ्यात बिनकासेची गाय एकटी उभी होती, तिच्याजवळ कुणीच आलं नाही. साहेब दोनदा पेंगले. त्यांचा दोष नाही, मीही पेंगले असते.

शेवटी काका दाढीसकट पुढे आले आणि इंग्रजीत भाषण ठोकलं. सर, हे जे आपण पाहिलं, ती आपलीच पूर्वज मंडळी! आणि मागचा छोटा पडदा सरकला. फोटो, माणसाएवढा मोठा. टाळ्यांचा कडकडाट. साहेब उभेच राहिले. हार, नारळ सगळं तिथेच ठेवून ते स्टेजवर चढले आणि फोटोजवळ गेले. मग त्यांनी बादली धरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. “दॅट्स माय ग्रॅनी,” ते म्हणाले. “ही माझी आजी. तिच्यासाठीच मी हा फोटो सगळीकडे घेऊन फिरतो. मला तिनंच वाढवलं. हिचं काम कुणी केलं? मला नाटकात ती दिसली नाही.”

मागच्या दाराशी उकळणारं तेल हॉलमध्ये ऐकू आलं. काकांनी खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे बोट केलं, “बट सर, युवर ग्रेट-ग्रँडफादर...” साहेब हसले. तो? तो सँडी, आमचा म्हातारा नांगऱ्या. पन्नास वर्षं आमच्याकडे होता, गुडघे गेलेले, म्हणून त्याला खुर्ची दिली. मालक हा, घोडा धरलेला, माझा पणजोबा. आणि ही झग्यातली बाई? ही दरवर्षी येऊन पंधरा दिवस कपडे शिवून जायची ती शिवणवाली. फोटो काढणारा आला तेव्हा म्हणाली, मलाही घ्या. आणि लुंग्यांकडे बघून हळूच म्हणाले, आमच्याकडे सगळे पँटच घालायचे. देवधर काकू दोन तास लेस लावून, पंखा हलवून शिवणवाली झाल्या होत्या. त्यांचा तो चेहरा आठवला की या वयातही मला गुदगुल्या होतात, आणि मी त्याची लाज बाळगत नाही. खुर्च्यांचा एवढा अभ्यास, आणि सगळ्या खुर्च्या चुकल्या.

साहेबांनी पुन्हा विचारलं, पण आजीचं काम का नव्हतं? काकांनी घाम पुसला आणि सांगून टाकलं, सर, दॅट लेडी फेल सिक. मिस्टर शेवाळेज वाइफ. पप्पा विंगेत उभे होते, त्यांनी मान डोलावली. येस सर, व्हेरी सिक, सर. आणि साहेब, भला माणूस, म्हणाले, अरेरे, आता कशी आहे? आली आहे का? मला तिला भेटायला हवं. पप्पांच्या तोंडचं पाणी पळालं, पण कुणीतरी बोट दाखवलंच. साहेब निघाले, मागे सगळी वरात, अध्यक्ष, काका, काकू, पप्पा, मी. हॉलच्या मागच्या दाराशी आई घाण्यावर होती, पदर खोचलेला, कान स्टेजकडे, कपाळावर पीठ, हातात झारा. साहेबांनी वाकून विचारलं, की तुमची तब्येत आता बरी आहे ना? आजारी पडलात म्हणे, मला फार वाईट वाटलं.

आईनं झारा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. तिनं पप्पांकडे बघितलं नाही, काकूंकडे बघितलं नाही. सरळ साहेबांकडे बघून, खणखणीत आवाजात, जसं तिला स्टेजवर बोलायचं होतं तसं, सगळ्या मंडळासमोर ती म्हणाली, “मी कुटं आजारी हुते? माज्या लेकीला माजी लाज वाटली. म्हनून ऱ्हाईलं तुमच्या आजीचं काम.”

साहेब हसऱ्या चेहऱ्यानं एकेकाकडे बघत होते, काय म्हणतात या? काकांनी मान खाली घातली. पप्पांचं इंग्रजी ऐन वेळी आटायचं, तसं आटलं. मग हळूहळू सगळे माझ्याकडे वळले, कारण सगळ्यांत चांगलं इंग्रजी माझंच. साहेबही वळले. आईही.

मी म्हणाले, “शी सेज शी इज परफेक्टली ऑलराइट नाऊ, सर. थँक यू फॉर आस्किंग.”

“गुड, गुड,” साहेब म्हणाले. पप्पांच्या छातीतून श्वास बाहेर पडलेला मला ऐकू आला. आई माझ्याकडे बघत होती. तिला शब्दन् शब्द कळला होता. वाकून तिनं झाऱ्यावरचा गरम वडा कागदावर घेतला, वर मिरची ठेवली, आणि साहेबांपुढे धरून मला म्हणाली, “गरम हाय. जपून खा म्हनावं.”

ते मी साहेबांना सांगितलं. ते मात्र बरोबर सांगितलं.